दोन हंटर

"आधी बोट, मग काचपेपर. डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? डोळे लाडावलेले असतात. त्यांना जे बघायचंय तेवढंच बघतात."

बाबांचं हे वाक्य ताईनं किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. स्टुलाचा पाय घासताना ऐकलं, खिडकी रंगवताना ऐकलं, सायकलच्या मडगार्डवरचा गंज काढताना ऐकलं. बाबा विमानांचे फिटर. सत्तावीस वर्षं त्यांनी लढाऊ विमानांचे पत्रे काढले, सांधले, ठोकून बसवले, आणि घरी आल्यावर घरालाही विमानासारखंच वागवलं. एखादं दार करकरलं की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. हातातला घास ताटात ठेवून ते तेलाची बुधली शोधायला उठायचे, आणि आई म्हणायची, "उडणार आहे का ते दार?"

ताई दातांच्या कवळ्या करते. दवाखान्याच्या मागे चार टेबलांची खोली आहे, तिथे प्लास्टरच्या पांढऱ्या जबड्यांच्या रांगेसमोर ती सकाळी नऊ ते पाच बसते. सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले दातांचे डॉक्टरसुद्धा. तिच्या कवळ्यांबद्दल सहसा तक्रार येत नाही. कारण एकच. जिभेला केसाएवढा उंचवटा डोंगराएवढा लागतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून जिथे म्हणून काही वर आलेलं दिसेल तिथे ती घासते. ही तिच्या हाताची सवय. झोपेतून उठवून हातात काही दिलं तरी ती त्याच्या कडा गुळगुळीत करायला घेईल.

आणि दुसरी सवय म्हणजे तिचा नेम. पहाटे अंघोळ करून दिवा लावायचा आणि त्याच्यासमोर अर्धा तास मुकाट बसायचं. या अर्ध्या तासात ती बोलत नाही. फोन वाजला तर वाजू देते. "ताईचा नेम चालू असताना घराला आग लागली ना, तर ती खुणेनं सांगेल," असं तिचा धाकटा भाऊ सगळ्यांना सांगत असतो. ताई हसते. तो चेष्टा करतो, पण सकाळी साडेसहाच्या आत तो कधी फोन करत नाही, हेही तिला माहीत आहे.

आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. जाण्याआधी आठवडाभर ते पलंगाला खिळून होते. एका दुपारी त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं. "बुटांच्या खोक्यात आहे. निम्मं झालंय. पुरं कर. साहेबांना कबूल केलंय मी."

"करते," ताई म्हणाली.

"घाई करू नको. आणि…"

"आधी बोट, मग काचपेपर," तिनंच वाक्य पुरं केलं. बाबांनी समाधानानं डोळे मिटले.

खोक्यात एक विमान होतं. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. हंटर. बाबांच्या उमेदीच्या काळातलं, एका माणसानं बसून उडवायचं जेट, नाकापासून शेपटीपर्यंत सुबक. खोक्यातलं किट बाबांनी कोणे एके काळी घेऊन ठेवलं होतं. पुठ्ठ्यावरचं चित्र उडालं होतं आणि आतलं प्लास्टिक जाडजूड होतं, पिवळट पडलेलं.

साहेब म्हणजे वैमानिक. बाबांनी सहा वर्षं सांभाळलेलं हंटर साहेब उडवायचे. दोघेही निवृत्त होऊन एकाच शहरात राहिले, आणि दर गुरुवारी बाबा साहेबांकडे चहाला जायचे. गेली तीनेक वर्षं साहेबांच्या डोळ्यांच्या मधोमध धूर बसला होता. समोरचा माणूस दिसायचा नाही, त्याच्या कडेचं दार तेवढं दिसायचं. पुढे दारही जायला लागलं. तेव्हा बाबा त्यांना म्हणाले होते, "डोळे जायचे तर जाऊ देत साहेब. तुमचं विमान मी तुमच्या हातात आणून देतो."

तो शब्द आता ताईकडे आला होता. तिनं त्याचाही नेम केला. संध्याकाळी कामावरून आल्यावर हातपाय धुवायचे आणि अर्धा तास त्या खोक्यासमोर बसायचं. एक दिवस चुकवला नाही. तापानं फणफणली होती त्या दिवशीसुद्धा पाच मिनिटं बसून एक चाक चिकटवून उठली. बाबांनी किटमध्ये नसलेल्याही गोष्टी केल्या होत्या. खऱ्या विमानाच्या पंखांना पुढच्या कडेला एक खाच असते, दातासारखी. जुन्या किटवाल्यांनी ती दिलीच नव्हती. बाबांनी प्लास्टिकचे पातळ तुकडे डकवून दोन्ही पंखांना ती केली होती. ताईनं ती ओळखली आणि मनातल्या मनात त्यांची पाठ थोपटली.

एक गोष्ट मात्र तिला खुपली होती. डाव्या बाजूला, जिथे पंख विमानाच्या अंगाला मिळतो तिथे, हवा आत जायच्या तोंडाच्या वर, मसुरीच्या डाळीएवढा एक उंचवटा होता. ओबडधोबड. उजव्या बाजूला तसलं काही नव्हतं. शेवटच्या दिवसांत बाबांचा हात थरथरत असे. गोंदाचा थेंब सांडला असणार. ताईला गलबलून आलं. ज्या माणसानं सत्तावीस वर्षं पत्र्यावर ओरखडा उमटू दिला नाही, त्याच्या शेवटच्या कामावर हा डाग कशाला? तिनं काचपेपर घेतला, पाण्यात बुडवला आणि तो उंचवटा दोन संध्याकाळींत असा काही नाहीसा केला की तो कुठे होता हे तिलाही सांगता आलं नसतं. बाबांची लाज राखली, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

आता साहेब शहर सोडून मुलीकडे राहायला निघाले होते. रविवारी सकाळी दहाची गाडी. तिकडच्या घरात त्यांना एक खोली मिळणार होती, म्हणून इथलं बहुतेक सगळं वाटून टाकायचं चाललं होतं. म्हणजे जे द्यायचं ते रविवारच्या आत.

गुरुवारी संध्याकाळी धाकटा आला तो दोन्ही हातांत केकचा खोका धरून.

"केक कशाला आणलास?"

"केक नाही. बस तू आधी. डोळे मीट."

"मिटणार नाही. मागे एकदा डोळे मिटायला लावून हातात बेडूक दिला होतास."

"तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ताई!"

"आणि मी बारा वर्षांची. अजून विसरले नाही."

त्यानं खोका उघडला. आत हंटर होतं. नवं कोरं. तीन महिने त्यानं कुणाला पत्ता लागू न देता केलं होतं. धाकटा जमीन मोजणीच्या खात्यात आहे. दोन शेतांमधली वीतभर चूक त्याला शांतपणे झोपू देत नाही, तर विमानातली कुठून देणार? ताईनं आपलं विमान आणलं, आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही हंटर शेजारी शेजारी उभी राहिली. दोघांची लांबी जवळजवळ सारखी, दीड वीत. एकाच रंगाची. दोघांवर नंबरही तोच, साहेबांच्या विमानाचा.

धाकट्यानं खिशातून व्हर्नियर काढलं.

"आलास मोजायला! अरे, आधी बघ तरी."

"बघतोच आहे. लांबी, तुझं तीन मिलिमीटर आखूड. म्हणजे खऱ्या विमानात झाले चौदा सेंटिमीटर. नाक तुझं जरा फुगीर आहे. सर्दी झाल्यासारखं."

"बाबांचं किट आहे ते. माझं नाही."

"किट बाबांचंही नाही, कंपनीचं आहे. तू लगेच रडवेली होऊ नकोस." त्यानं दोन्ही पंखांवरून नजर फिरवली. "हे बघ, खरा फरक इथे आहे. तुझ्या विमानावर पत्र्यांचे सांधे उठावाचे आहेत. रिव्हेटसुद्धा पुरळासारखे वर आलेत. खरं विमान असं असतं का? गुळगुळीत असतं. माझ्यावर बघ, सांधे खोदलेले आहेत, केसाएवढे. जुन्या काळी साच्यावर खरवडलं की वस्तूवर उठाव यायचा, सोपं होतं, म्हणून ते तसं करायचे."

हे ताईला वेगळं सांगायला नको होतं. ती रोजच साच्यांशी खेळते. तिनं मान डोलावली.

"कॉकपिटमध्ये माझ्याकडे अकरा घड्याळं आहेत," धाकटा सांगत होता. "तुझ्याकडे एक खुर्ची आणि एक काठी. घड्याळांच्या जागी चिकटवायचा कागद."

"पोट कुणाचं बरोबर आहे?"

धाकट्यानं दोन्ही विमानं उलटी केली, बराच वेळ मापं घेतली आणि नाइलाजानं म्हणाला, "पोट तुझं. पोटाखालचा ब्रेक माझ्या किटमध्ये जरा पुढे बसलाय. पण पोट कोण बघतंय?"

"बाबा बघायचे."

व्हर्नियर मिटून त्यानं खिशात टाकलं. मग हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगू? मला त्यांना चांगलं विमान द्यायचंय. बाबांच्या नावानं देणार आपण. खोटं नाक असलेलं कसं द्यायचं?"

ताईला त्याचा राग आला नाही. तीन महिने कामावरून आल्यावर खोली बंद करून बसायचा म्हणून त्याची बायको तिच्याकडे कुरकुरत होती, त्याचं कारण आज कळलं. तिनं दोन्ही विमानांकडे पाहिलं. एक देखणं होतं, अगदी फोटोतल्यासारखं. दुसरं जाडजूड, पुरळ आलेलं, आणि बाबांच्या हातचं. निवड तिला करवेना.

"दोन्ही नेऊ," ती म्हणाली. "कुठलं कुणी केलं ते सांगायचं नाही. ज्यांचं आहे ते ठरवतील."

शुक्रवारी ती तासभर लवकर सुटली. साहेबांच्या घरात सगळीकडे पुठ्ठ्याचे खोके होते. भिंतीवर फोटो काढल्याचे फिकट चौकोन राहिले होते. साहेब खिडकीपाशी ताठ बसले होते, दाढी केलेली, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही.

"कोण? मिस्त्रीची पोर ना? चपलांवरून ओळखलं. आणि मागे कोण, मोजणीवाला का? खोके मोजायला आलास?"

"नाही काका, वजन करायला," धाकटा म्हणाला. साहेब खदखदून हसले.

ताईनं त्यांच्यासमोरचं टेबल रिकामं केलं, त्यावर टॉवेल अंथरला आणि दोन्ही विमानं ठेवली. "काका, बाबांनी तुम्हाला कबूल केलं होतं…"

पुढचं ऐकायची साहेबांना गरज पडली नाही. त्यांचे हात आपोआप पुढे आले.

"दोन आहेत," धाकटा म्हणाला. "तुम्हाला हवं ते तुमचं."

"दोन! एकाला उडवता उडवता नाकी नऊ यायचे."

आधी त्यांचा हात नव्या विमानावर पडला. त्यांनी डाव्या बाजूनं सुरुवात केली. नाक, मग नाकाला वळसा घालून उजवा पंख, त्याची पुढची कड, टोक, मागची कड, शेपूट, जळका धूर सोडायची नळी, मग डाव्या पंखावरून पुढे. बोटं न थांबता सरकत होती. ताईच्या लक्षात आलं, ही प्रदक्षिणा आहे. देवाभोवती घालतात तशीच, उजव्या हाताला ठेवून.

"उड्डाणाआधी असं फिरावं लागायचं," साहेब म्हणाले, जणू तिच्या मनातलं ऐकलं असावं. "रोज. शिडी चढायच्या आधी विमानाला एक फेरी. तुझा बाप मागे चिंधी घेऊन चालायचा. मी हात लावला की लगेच पुसायचा." त्यांनी विमान तळहातावर तोललं, पोटाखालून एकदा बोट फिरवलं. "छान आहे. हंटर आहे, अगदी नाकीडोळी नीटस. कुणी मन लावून केलंय."

धाकट्याचे कान लाल झाले.

मग साहेबांनी दुसरं विमान ओढून घेतलं. इथे बोटांची गती बदलली. उठावाच्या रेघांवरून ती सावकाश जाऊ लागली, मध्येच थबकू लागली. "हा पेट्रोलचा झाकणपत्रा," ते पुटपुटले. "हा तोफांचा. इथे पाय द्यायचा नाही असं लिहिलेलं असायचं, आणि सगळे तिथेच पाय द्यायचे." उजवा पंख झाला. शेपूट झाली. पोटाखाली बोट घालून त्यांनी ब्रेक चाचपला आणि 'हं' म्हणाले. डावा पंख, खाच, कड. आणि शेवटी त्यांचं बोट पंख अंगाला मिळतो तिथे आलं, हवेच्या तोंडाच्या वर.

तिथे ते थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं. साहेबांनी अंगठा बदलून पाहिला. मग दुसऱ्या हाताचं बोट.

"इथे काही नाही?" त्यांनी विचारलं.

"काय असायला हवं, काका?"

"ठिगळ."

ताईनं त्या जागेकडे पाहिलं. ती गुळगुळीत होती.

"इथे एकदा पक्षी आदळला होता," साहेब सांगू लागले. "वीतभर पत्रा फाटला. वरून हुकूम आला, आख्खा भाग बदला. भाग यायला महिना लागणार. तुझा बाप म्हणाला, साहेब, मी ठिगळ लावतो, तुमची हरकत नसेल तर. एका दुपारी लावलं त्यानं. चौदा रिव्हेट. मी विमान ताब्यात घेतल्याच्या वहीत सही करायला गेलो तर वही मागे ओढली. म्हणे, सही नंतर, आधी बोट. माझा हात धरून त्या ठिगळावर ठेवला. म्हणाला, नीट चाचपा, भरवसा वाटला तरच बसा. मी अधिकारी, तो फिटर. पण त्या क्षणी मी शाळेतल्या पोरासारखा चाचपत उभा होतो."

साहेबांचं बोट अजून त्याच जागेवर होतं.

"त्यानंतर सवयच लागली. फेरी संपली की शेवटचं बोट तिथे. मग शिडी. भाग आला तरी मी बदलू दिला नाही. तुझा बाप दर गुरुवारी म्हणायचा, सगळं जसंच्या तसं करतोय साहेब, तुम्हाला हाताला लागेल." साहेबांनी विमान हलकेच टॉवेलवर ठेवलं. त्यांचा आवाज शांत होता. "विसरला असेल बिचारा. शेवटी शेवटी औषधांनी डोकं जड व्हायचं त्याचं. असू दे. विमान माझंच आहे, हेच नेईन मी."

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा त्यानं चाळीस वर्षं वाचला होता. त्याची मान किंचित हलली. राहू दे, असं त्याला म्हणायचं होतं. सोपं होतं तसं. साहेब खूष होते. विमान स्वीकारलं होतं. गप्प राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त बाबा विसरले होते, एवढंच साहेबांच्या मनात राहिलं असतं. कायमचं.

गप्प बसायची सवय तिला पुष्कळ होती. दिव्यासमोर ती रोजच बसायची. पण तिथे बसून रोज आपण कुणाला साक्षी ठेवतो, हेही तिला आठवलं.

"बाबा विसरले नव्हते, काका," ती म्हणाली. "त्यांनी केलं होतं. मी घासून काढलं."

साहेबांनी मान वर केली.

"मला वाटलं गोंद सांडलाय. त्यांचा हात कापायचा ना. म्हटलं, त्यांच्या कामावर डाग नको. उजव्या बाजूलाही तसा उंचवटा असता तर मुद्दाम केलाय हे कळलं असतं. मी नुसतं पाहिलं. बोट लावलं नाही." शेवटचे शब्द ऐकू येतील न येतील असे निघाले. "जाता जाता तेवढंच सांगून गेले होते मला."

साहेबांचे खांदे हलायला लागले. ताईला वाटलं रडताहेत. ते हसत होते.

"मिस्त्रीचं ठिगळ घासून काढलं! अगं, वरच्या अधिकाऱ्यांना सहा वर्षं जमलं नाही ते तू काचपेपरनं केलंस!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि या खेपेला त्यात नुसतं हसू नव्हतं. "विसरला नव्हता ना पण?"

"नाही काका."

"हं. मला वाटलंच होतं. म्हणजे, वाटायला हवं होतं."

धाकटा खाकरला. "काका, मापं सांगता का? लांबी, रुंदी. मी नकाशा काढून देतो, ताई बसवेल."

"मापं तुझ्या बापाकडे होती. माझ्याकडे बोट आहे." साहेबांनी हवेत हात पुढे केला. "ये इकडे. तुझं बोट दे."

ताईनं हात दिला. त्यांनी तिची तर्जनी धरली आणि विमानावर नेली, हवेच्या तोंडाच्या वर, कडेपासून जरा मागे. "इथून सुरू. अंडाकृती, पण मागचं टोक जरा निमुळतं. वरच्या बाजूला सहा रिव्हेट, खाली आठ. खालचा तिसरा रांगेबाहेर आहे. तिथे आतून पट्टी आडवी यायची, म्हणून तो तिरका गेला. तुझ्या बापाला तो आयुष्यभर सलत होता. मला मात्र त्याच्यावरूनच खात्री पटायची." त्यांनी तिचं बोट पुन्हा एकदा तिथून फिरवलं, आणि पुन्हा. "राहील लक्षात?"

"राहील."

"रविवारी दहाला गाडी आहे. नऊला निघू आम्ही. नाही झालं तर…"

"आठला आणते," ताई म्हणाली. "आणि वही मागे ओढणार नाही."

"ओढ की. त्याशिवाय मी सही कशी करू?"

निघताना साहेबांनी धाकट्याला हाक मारली. "मोजणीवाल्या, ते सुंदर विमान तुझं ना? कुठल्याही साहेबाला दे, तो मिरवेल. पण पोटाखालचा ब्रेक पुढे बसलाय हो."

जिना उतरताना धाकटा दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाला, "अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर पुढे आहे, ताई. त्यांनी बोटानं ओळखलं!" आणि खोका छातीशी धरून लहानपणी हसायचा तसा हसला.

शनिवारी पहाटे ताईनं दिवा लावला. अर्धा तास ती डोळे मिटून बसली. मनात काही आलं नाही असं नाही. चौदा रिव्हेट आले, वहीवरचा बाबांचा हात आला. आले तसे तिनं जाऊ दिले. साडेसहा वाजून एक मिनिटानं फोन वाजला.

"झाला नेम?" धाकटा विचारत होता. "येऊ का? भिंग आणतो. व्हर्नियर आणतो."

"ये. पण दुपारी. चहाला. हात रिकामे घेऊन ये."

तिनं कपाटातून एक छोटं पाकीट काढलं. दातांचा एक्सरे काढतात त्या फिल्मच्या आत शिशाचा पातळ पत्रा असतो, कागदाहून मऊ. असले पत्रे ती डॉक्टरांकडून मागून साठवून ठेवते. कशाला ते तिलाच माहीत नसायचं. तिनं त्यातला एक काचेवर पसरवला आणि नखानं सरळ केला. बारीक सुई धार लावून तयार ठेवली, आतून टोचली की बाहेर रिव्हेटसारखा टिपका उठेल अशी. वर सहा, खाली आठ, खालचा तिसरा तिरका.

काचपेपर टेबलावरच पडला होता. तो तिनं उचलून खणात ठेवला.

मग विमान पुढ्यात ओढलं. खिडकीतून आता चांगला उजेड येत होता, तरी तिनं डोळे मिटले. नाकापासून सुरुवात केली. उजवा पंख, शेपूट, डावा पंख, खाच, कड. कुठेही घाई केली नाही. फेरी पुरी झाल्यावर तिनं साहेबांनी दाखवलेल्या जागी बोट टेकवलं आणि ते तिथेच ठेवून दुसऱ्या हातानं सुई उचलली.